निळा झाला की थांबायचं

थेंबमास्तर हे नाव कॉलेजातल्या पोरांनी ठेवलेलं. घरात तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती, घरात ते बाबा. पस्तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते आणि पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. थेंब थेंब सोडायचा, रंग पालटला की थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. वहीत खाडाखोड चालणार नाही. चुकलंच तर चुकीवर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि बाजूला सही. कुणाच्या हातात खोडरबर दिसलं की ते काढून घेत आणि खिडकीबाहेर फेकत. खिडकीखालच्या वाफ्यात माळ्याला दर आठवड्याला मूठभर खोडरबरं सापडायची, आणि तो ती गुपचूप आपल्या मुलीसाठी घरी न्यायचा.

अशी माणसं निवृत्त झाली की घरच्यांचं काही खरं नसतं. प्रयोगशाळा सुटली, पण थेंब काही सुटेना. मग बाबांनी बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आणली. खारं पाणी, निळे दिवे, चार मासे आणि प्रवाळ. मासे आपले नावाला. खरा जीव प्रवाळात, कारण तिथे मोजायला काहीतरी होतं. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण असतो तो प्राणी. पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि स्वतःचा सांगाडा रोज कणाकणाने बांधत राहतो. पाण्यातलं कॅल्शियम त्यामुळे संपत जातं, ते रोज घालावं लागतं. आकडा चारशेवीस-चारशेतीसच्या आसपास राहिला पाहिजे. फार घसरला तर बांधकाम थांबतं, आणि मग जीव बुडापासून पांढरा पडत जातो.

घालायचं काम थोरल्या मुलीकडे होतं. सकाळी पहिल्या कॅनमधलं कॅल्शियम मापाने, संध्याकाळी दुसऱ्या कॅनमधलं सोड्याचं पाणी तेवढंच. दोन्ही एकदम ओतायची नाहीत, ओतली तर पाण्यात दुधासारखा ढग उठतो आणि सगळ्याचा चुना होऊन तळाला बसतो. मोजायचं काम मात्र बाबांचं. दर आठवड्याला, सकाळी आठ वाजता, खिडकीपाशी. लहानशा बाटलीत टाकीतलं पाणी, त्यात चिमूटभर भुकटी, की पाणी गुलाबी होई. मग पिचकारीतून थेंब थेंब. गुलाबीचा निळा झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त लागतील तितकं कॅल्शियम जास्त. त्या पिचकारीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदाच होता.

टाकीच्या उजव्या कोपऱ्यात फांद्याफांद्यांचं एक प्रवाळ होतं. त्याचं शास्त्रीय नाव बाबांना तोंडपाठ होतं, बाकी सगळे त्याला आईचं झुडूप म्हणत. आईने ते आणलं तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता. तिला रसायनातलं ओ की ठो कळत नव्हतं. काचेला नाक लावून बसायची आणि म्हणायची, "आज वाढलंय हं."

"एका दिवसात दिसत नाही," बाबा म्हणायचे.

"तुम्हाला दिसत नाही," आई म्हणायची.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचे कपडे धाकट्या मुलाच्या बायकोने महिन्याभरात वाटून टाकले, तिचा चष्मा कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. झुडूप मात्र ताटाएवढं पसरलं होतं आणि त्याच्या टोकांना फिका जांभळा रंग चढला होता. आईच्या हातचं असं घरात एवढंच होतं, आणि ते अजून वाढत होतं. थोरली कामावर निघताना रोज त्याच्याकडे एकदा बघून जायची.

थोरली अठ्ठेचाळीसची. लग्न केलं नाही. का केलं नाही ही वेगळीच कहाणी आहे आणि ती सांगत बसायला तिला सवड नाही. ती रंगाच्या दुकानात शेड जुळवायला होती. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणायचं, ही खिडकीच्या उजेडात धरून बघायची आणि सांगायची की अमुक पांढऱ्यात तमुक निळा इतका. मालकाने यंत्र आणलं होतं, पण यंत्राचं आणि हिचं जमलं नाही तर मालक हिचं ऐकायचा. तेव्हा निळा आणि जांभळा यांतला फरक हिला कुणी शिकवायची गरज नव्हती, एवढं लक्षात असू द्या.

तर एका सकाळी तिला झुडपाच्या बुडाशी नखाएवढा पांढरा डाग दिसला.

"बाबा, हे बघा."

बाबांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला. "कुठाय? सावली आहे ती."

आठवड्याने डाग बोटभर झाला, तेव्हा मात्र सावली म्हणायची सोय राहिली नाही. बाबांनी वही उघडली. आकडा चारशेतीस, त्याआधी चारशेपस्तीस, त्याआधी चारशेतीस. "माझ्या बाजूने चोख आहे," ते म्हणाले. "तूच दोन्ही कॅन एकदम ओतलीस. कबूल कर."

"मी कशाला ओतीन? बारा वर्षं घालतेय मी."

"बारा वर्षं घालतेस म्हणूनच आता लक्ष नसतं तुझं."

तिच्या अगदी जिव्हारी लागलं. त्या दिवशी दुपारी बाबा वाचनालयात गेल्यावर तिने कायदा मोडला. पिचकारी काढली, बाटलीत पाणी घेतलं, भुकटी टाकली, एक एक थेंब सोडला. झाला निळा. आकडा बघते तर तीनशेचाळीस. तिला वाटलं, आपलं चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तीनशेचाळीस.

तिने टाकीतलं पाणी एका शिशीत भरलं आणि तडक मासेवाल्याचं दुकान गाठलं. मासेवाला म्हणजे जिथून ही सगळी भुकटी आणि कॅन येत, तो. बोलायला तिखट, पण कामात सच्चा. त्याने आपल्याकडच्या सामानाने मोजलं.

"तीनशेपस्तीस," तो म्हणाला. "ताई, झुडूप उपाशी मारताय तुम्ही. मोजतं कोण तुमच्याकडे?"

"बाबा."

"वय काय त्यांचं?"

"चौऱ्याहत्तर."

"मग अहो, डोळे दाखवा की त्यांचे! मोतीबिंदू पिकला की निळा आधी जातो. तुम्हाला निळा दिसतो तेव्हा त्यांना अजून गुलाबीच दिसतंय, म्हणून ते थेंब सोडत बसतात. आकडा फुगतो. पाण्यात काही नाही, वहीत भरपूर! माझ्याच एका जुन्या गिऱ्हाइकाने अशीच अख्खी टाकी मारली."

वाटेत ती वर्षभराचे आकडे आठवत गेली. तिला सगळं कळलं. हळूहळू डोळा मावळत गेला, आकडा फुगत गेला आणि आकडा जास्त आला की बाबा डोस कमी करायला सांगत. वर्षभरात त्यांनी चार वेळा कमी करायला लावला होता, आणि तिने मुकाट्याने कमी केला होता. स्वतःच्या हाताने.

तिने संध्याकाळी विषय काढला. अगदी बेताने काढला, पण बेताने काढून काय होणार होतं?

"बाबा, मी आज मोजून पाहिलं. तीनशेचाळीस आलं."

"कुणाला विचारून मोजलंस?"

"मासेवाल्यानेही मोजलं. तीनशेपस्तीस. बाबा, मला वाटतं एकदा डोळे..."

"डोळे?" ते ताडकन उठले. "पस्तीस वर्षं मी रंग बघितलाय! तू अजून परकरात होतीस तेव्हा मी थेंबावर थेंब मारत होतो. तुला जांभळा कळतो का निळा कळतो? म्हणे शेड जुळवते!"

यावर तिने गप्प बसायला नको होतं. हात धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, भांडायला हवं होतं, धाकट्याला बोलावून घ्यायला हवं होतं. पण समोर उभं असलेलं ते वाळकं माणूस, पिचकारी छातीशी धरून, आणि हात थरथरतोय. तिला रागापेक्षा कीवच जास्त आली. हे गेलं तर या माणसाकडे उरलं काय, असं तिला वाटलं. तिने ठरवलं, बाबांना काही कळू न देता आपणच डोस वाढवायचा. झुडूप जगेल आणि बाबांचा मानही राहील. चांगल्या माणसांना नेमक्या अशाच चुका सुचतात.

ती रोज थोडं थोडं जास्त घालू लागली. दर आठवड्याला चोरून मोजू लागली आणि आपला आकडा बाबांच्याच वहीच्या शेवटच्या पानांवर, तारीख घालून, बारीक अक्षरात लिहू लागली. लपवायचं म्हणून तिने तिथे लिहिलं नव्हतं. बाबांनी कधीतरी बघावं, असंच तिच्या मनात होतं. तीनशेपन्नास, तीनशेसत्तर, तीनशेनव्वद. डाग थांबला. एका टोकाला तांदळाएवढं नवं पांढुरकं टोक फुटलं, ती वाढीची खूण असते. त्या दिवशी थोरलीने काचेला नाक लावलं आणि कुणी नाही असं बघून म्हणाली, "आज वाढलंय हं."

पण तिकडे बाबांची पिचकारी होतीच. खरा आकडा तीनशेनव्वद, तेव्हा बाबांना दिसला चारशेनव्वद. पुढल्या आठवड्यात पाचशेदहा. बाबा खवळले. कॅन उचलून पाहिले तर हलके. मग त्यांनी काय करावं? दोन्ही कॅनवर पेनने रेघ मारून ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, ती माप हातात धरून उभी असताना, मागून आवाज आला.

"हे माप कितीचं आहे?"

तिने वळून पाहिलं. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"म्हणजे तूच!" बाबा ओरडले. "तूच विष घालतेयस पाण्यात! आईचं झुडूप मारलंस तू!"

धाकट्याला फोन गेला. धाकटा लांब राहायचा, मोठ्या कंपनीत होता, त्याला टाकीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. "ताई, अगं त्यांच्या छंदात कशाला हात घालतेस?" तो म्हणाला. ती सांगू लागली, डोळे, निळा, थेंब. तो म्हणाला, "बरं बरं, मी बोलतो." तो बोलला नाही.

बाबांनी कॅन कपाटात ठेवून कुलूप लावलं. रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने माप काढून देत, जुन्या मापाच्या निम्मं. संध्याकाळी दुसऱ्याचंही तेवढंच. ती ते घाली, कारण न घातलं तर तेवढंही गेलं असतं. पांढरं वर चढू लागलं. बुडापासून फांदीच्या काट्यापर्यंत, तिथून वर. कातडी सुटावी तसा जिवंत थर सुटून पाण्यात तरंगायचा आणि मासे त्याला तोंड लावायचे. थोरलीने मोजायचं मात्र सोडलं नाही. तीनशेसाठ. तीनशेतीस. तीनशेपंधरा. वहीच्या शेवटच्या पानांवर आकडे उतरत होते आणि पहिल्या पानांवर चारशेतीसचं राज्य सुखात चाललं होतं. दोन आकड्यांमध्ये वहीची फक्त साठ पानं होती.

मग एका रविवारी धाकटा आला. जेवताना त्याने पाहिलं, बाबा पेल्यात पाणी ओततायत आणि पाणी पेल्याबाहेर चाललंय.

"बाबा, मोतीबिंदू झालाय तुम्हाला," धाकटा म्हणाला. "परवाच दाखवू."

"हो का?" बाबा म्हणाले. "दाखवू या मग."

बस्स, एवढंच! थोरलीच्या हातातला घास तसाच राहिला. पाच महिने ती डोकं आपटत होती, आणि धाकट्याने एक वाक्य बोलायचा अवकाश. बोलणाऱ्याचं तोंड कुणाचं यावर कान ठरतात का हो माणसाचे?

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात मंगळवारी ठरली. सकाळी सातला धाकटा बाबांना घेऊन गेला, आठला त्यांना आत घेतलं, तेव्हा त्यांचा चष्मा धाकट्याच्याच हातात होता. थोरली मागाहून निघणार होती. निघण्यापूर्वी, आठ वाजता, तिने मोजलं. तीनशेपाच. झुडपाची एकच फांदी तेवढी जांभळी उरली होती, करंगळीएवढी. तिने वार आणि वेळ घालून आकडा लिहिला. बाबा घरी आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि पांढरं त्या फांदीवरही चढू लागलं होतं. पट्टी निघाली त्या दिवशी झुडपात जिवंत असं काही नव्हतं.

बाबा टाकीसमोर आले आणि थबकले.

"केवढं निळं आहे हे!" ते म्हणाले. लहान मुलासारखे हसले. "हे दिवे असे होते? असे निळे?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीलाही बरं वाटलं. इतकं झाल्यावरही बरं वाटलं. मग बाबांची नजर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे पांढरीफटक हाडं उभी होती.

बाबा वळले. पिचकारी काढली, खिडकीपाशी बसले. गुलाबी पाणी. थेंब, थेंब, थेंब. आणि फारच लवकर, त्यांच्या हाताला सवय होती त्याच्या कितीतरी आधी, निळा. त्यांनी बाटली उजेडात धरली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. थोरली दाराशी उभी होती. आता म्हणतील, तिला वाटत होतं. फार नको, 'तुझं बरोबर होतं' एवढं म्हणाले तरी पुरे. झुडूप गेलं ते गेलं, निदान आपण मारलं नाही एवढं या घरात एकदा मोठ्याने म्हटलं जावं.

बाबांनी वही ओढली. मागची पानं उलटली. आता त्यांना बारीक अक्षरही वाचता येत होतं. बराच वेळ वाचत बसले.

"चहा टाक," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस ते टेबलाशी लिहीत बसले. तिला वाटलं, कुणाला पत्र लिहीत असतील. कदाचित आपल्यालाच. तोंडाने बोलायला जड जातं काही माणसांना.

रविवारी धाकटा आला. बाबांनी त्याच्यापुढे वही ठेवली. कोरी करकरीत नवी वही, सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही.

"बघ," ते म्हणाले. "मी वेळोवेळी लिहून ठेवलंय. तीनशेसाठ, तीनशेतीस, तीनशेपंधरा. आकडा घसरत होता, मला दिसत होतं. डोस वाढव म्हणून सांगत होतो. हिने वाढवला नाही."

धाकट्याने पानं चाळली. "ताई, अगं, बाबा सांगत होते तर घालायचं ना."

थोरली वाकली आणि तिने वही पाहिली. तिचे आकडे होते. तिच्या तारखा होत्या. अक्षर तेवढं बाबांचं.

"जुनी वही कुठाय बाबा?"

"भिजली. टाकून दिली."

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मंगळवार, सकाळी आठ, तीनशेपाच.

"मंगळवारी सकाळी आठला तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं. मग धाकट्याकडे वळली. "तू सांग. तू होतास ना तिथे? चष्मा तुझ्याच हातात होता ना?"

 धाकट्याने तारीख पाहिली. त्याला कळलं, त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं की त्याला कळलं. मग त्याने वही हलकेच बाबांकडे सरकवली.

"जाऊ दे ना ताई," तो खाली बघत म्हणाला. "आत्ताच ऑपरेशन झालंय त्यांचं. एका झुडपासाठी काय एवढं."

बाबांनी खिशातलं पेन काढलं. 'मंगळवार'वर एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'बुधवार'. बाजूला सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही.

"वार चुकला होता," ते म्हणाले.

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले होते.

"दुसऱ्या कॅनमधलं घातलंस का?"

"वहीत लिहा ना," थोरली म्हणाली, "घातलं म्हणून."